डावा स्पीकर चालत नाही

२ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०

सिस्टीम आली. पाच स्पीकर, एक सबवूफर, एक ॲम्प्लिफायर आणि एक छोटा माईक. रिटायर होऊन दोन महिने झाले. या दोन महिन्यांत काय केलं, असं कुणी विचारलं तर आता सांगता येईल.

माईक ही यातली खरी गोष्ट. आपण बसतो तिथे, कानाच्या उंचीवर तो ठेवायचा. मग मशीन एकेका स्पीकरमधून टूं, खर्र, टक असे आवाज काढतं. माईक ते ऐकतो. कुठला स्पीकर किती लांब आहे, कुणाचा आवाज किती ठेवायचा, हे मशीन आपलं आपण ठरवतं. याला ऑटो कॅलिब्रेशन म्हणतात. दुकानातला प्रवीण म्हणाला, अंकल, पाच मिनट का काम है, मी येऊन करून देतो. नको म्हटलं. एकतीस वर्षं पेपर मिलमध्ये काढली, त्यातली अकरा फोरमन म्हणून. लोखंडी दांडा बेअरिंगला टेकवायचो, दुसरं टोक कानाला लावायचो आणि सांगायचो, हे आठ दिवसांत जाणार. नववा दिवस कधी उजाडला नाही. इंजिनीअर लोक म्हणायचे, कडूसाहेबांचा कान म्हणजेच मशीन. अशा माणसाला माईकचं काय शिकवणार?

मागची खोली निवडली. रजनीनं विचारलं, मागचीच काहून? म्हटलं, शांत आहे म्हणून. छत्तीस वर्षांच्या संसारात बायकोला एवढं कळायला हवं होतं.

तेजूचा इंदूरहून फोन. सहावा महिना संपत आला. पहिलं बाळंतपण, त्यामुळे मुलगी माहेरी येणार की सासूबाई तिकडेच करणार, हे ठरायचं आहे. ते खातं रजनीकडे दिलं आहे.

३ नोव्हेंबर, दुपारी १२

कॅलिब्रेशन केलं. झालं नाही. टीव्हीच्या स्क्रीनवर आलं की खोलीत आवाज जास्त आहे, शांतता करा.

खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. तरी पंखा बंद केला. फ्रिजचा प्लग काढला. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. रजनी मेथी निवडत होती, तिला थांबवलं. पुन्हा तेच. आवाज जास्त आहे.

श्वास रोखून पाहिला. चाळीस सेकंद.

दुपारी ४

फ्रिजचा प्लग लावायचा राहिला. दूध नासलं. त्याचा या प्रयोगाशी संबंध नाही.

४ नोव्हेंबर

प्रवीणला बोलावलं. मी बोलावलं नाही, तो इकडून चालला होता, असं रजनीला सांगितलं.

प्रवीणनं सहा वेळा करून पाहिलं. सहाही वेळा आवाज जास्त. दोघं डोळे मिटून पाच मिनिटं बसलो. प्रवीण म्हणाला, अंकल, एकदम सन्नाटा आहे. मी म्हटलं, तेच तर. त्याच्या मते माईक डिफेक्टिव्ह आहे. नवा मागवतो म्हणाला. प्रवीण जन्मापासून आमच्याच लोधीपुऱ्यात राहतो, मुलगा हुशार आहे.

६ नोव्हेंबर

तेजूला व्हिडिओ कॉलवर सिस्टीम दाखवली. फोन स्पीकरजवळ नेला. ती म्हणाली, पप्पा, ते लूम बंद करायला सांगा ना, तुमचं काहीच ऐकू येत नाही.

कुठले लूम?

मागच्या भिंतीपलीकडे गिरधरभाईंचे आठ पॉवरलूम आहेत. गेली पंधरा वर्षं सकाळी सहापासून खटखट खटखट. पण त्याला आपल्याकडे आवाज कोण म्हणतं? तो तर चालूच असतो. बंद पडला तर लोक बाहेर येऊन विचारतात, काय झालं. लूम आवाजात धरायचे नसतात, हे परदेशी मशीनला कोण सांगणार. त्याच्या माहितीपुस्तकात बऱ्हाणपूरची सोय नाही. इंदूरला राहून तेजूचा कान बिघडला आहे, हे मात्र लक्षात आलं.

संध्याकाळी गिरधरभाईंकडे गेलो. दहा मिनिटं लूम थांबवाल का म्हटलं. ते म्हणाले, भाऊ, ऑर्डर का माल आहे, दहा मिनिटं म्हणजे आठ लूमचे ऐंशी मिनिट. कारीगर लोकांची जुम्म्याला सुट्टी असते, तेव्हा पाहिजे तेवढं मोजा. उद्याच शुक्रवार आहे. घरी येताना दराबा आणला. यशाच्या आदल्या दिवशी गोड खाल्लेलं चांगलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी ११. लूम बंद. मशीननं पहिला टूं काढला. दुसऱ्या टूंला कुकरची शिट्टी.

११.२०. रजनीला साडेअकरापर्यंत स्वयंपाकघरात काही करू नको म्हणून सांगितलं. तिसऱ्या स्पीकरपर्यंत गेलो. रस्त्यावर फोपनारच्या केळ्यांची गाडी. माणसानं कर्णा लावला होता.

११.४०. चौथ्या स्पीकरला रजनी दारात आली. तोंड हलवत होती. हातानंच थांब म्हटलं. ती थांबली, मग गेली. मशीननं तिच्या पैंजणांचा आवाज धरला.

११.५५. लाईट गेली.

प्रगती आहे. एकातून चारपर्यंत गेलो.

१० नोव्हेंबर

युक्ती सुचली. लाईट गेली की लूम बंद पडतात. त्याच वेळी सिस्टीम इन्व्हर्टरवर चालवायची. हे कंपनीलाही सुचलेलं नाही. त्यांना कळवावं का?

दुपारी ३

लाईट गेली. इन्व्हर्टरवर लावलं. इन्व्हर्टर स्वतःच घूं घूं करतो म्हणे. रजनी म्हणते, पहिल्यापासून करतो. मला ते आजच कळलं. मशीन म्हणालं, आवाज जास्त आहे. रजनी आणि मशीन एका बाजूला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी ११.३०

झालं!

रजनीला गल्लीच्या तोंडाशी उभं केलं होतं, केळीवाले, भंगारवाले यांना थोपवायला. कुकर गच्चीवर नेऊन ठेवला. पहिल्याच फेरीत पाची स्पीकर आणि सबवूफर. स्क्रीनवर सगळ्यांपुढे ओके. बरोबर सात मिनिटं. प्रवीण पाच म्हणाला होता.

११.५०

जिथे माईक होता तिथे खुर्ची टाकून बसलो. एका मैफलीचं रेकॉर्डिंग लावलं. तबला डावीकडे, हार्मोनियम उजवीकडे, असं स्क्रीनवर स्पष्ट दिसतं. ऐकू मात्र दोन्ही उजवीकडून येतं. डावा पुढचा स्पीकर चालत नाही. डावा मागचाही तसाच. मशीन म्हणतं ओके.

मशीनला शेवटी माईक आहे, कान नाही.

१५ नोव्हेंबर

डाव्याचा आवाज हातानं सहा पॉइंट वाढवला. मशीनचा अपमान होतो, पण इलाज नाही. थोडासा आला. तोही उजवीकडूनच आला.

१६ नोव्हेंबर

डावा दहा पॉइंट. यापुढे मशीन नेत नाही. आता कुठे ठीक.

दुपारी गिरधरभाई आले. म्हणाले, भाऊ, भिंतीला बसवलेलं हे काय आहे, कारीगरांना त्रास होऊन राहिला. आठ लूम चालवणारा माणूस आवाजाची तक्रार घेऊन आला. त्यांना चहा दिला. माणसाला चांगल्या साउंडची सवय नसली की असं होतं.

रजनीनं जिना चढून वर जाऊन पोथी वाचली. तिला उजेड हवा असेल.

१७ नोव्हेंबर, सकाळी १०

आज बरं वाटलं. मैफल ऐकत बसलो होतो. रजनी हातात पातेलं घेऊन डाव्या बाजूला येऊन उभी राहिली आणि चक्क चौकशी केली. सुरुवातीचं नीट कळलं नाही, पण शेवटी चालेल ना, असं काहीसं विचारलं. सिस्टीम आल्यापासून पहिल्यांदा तिनं रस घेतला. मी मनापासून सांगितलं. म्हटलं, अजिबात चालत नाही. घरात ठेवण्यात अर्थच नाही. परत पाठवून द्यायचं.

तिनं पुन्हा काहीतरी विचारलं. बहुतेक नक्की का, असं. म्हटलं, नक्की. पहिल्या दिवसापासून नुसता डोक्याला ताप आहे.

तिचा चेहरा पडला. एका स्पीकरसाठी एवढं वाईट वाटलेलं पाहून मला भरून आलं. माणूस वरून दिसतं तसं नसतं.

१९ नोव्हेंबर

प्रवीण आला. त्यानं डावा स्पीकर काढून उजवीकडे लावला आणि उजवा डावीकडे. बिघडलेला डावा उजवीकडे जाताच उत्तम वाजायला लागला. आणि चांगला चालणारा उजवा डावीकडे जाताच मेला. प्रवीण माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, वायर. त्यानं वायरी बदलल्या. तेच. मी म्हटलं, मग भिंत. डाव्या भिंतीत ओल आहे, ती आवाज पिते. प्रवीण म्हणाला, अंकल, मला तर दोन्हीकडून बरोबर ऐकू येतंय, डावं तर जरा जास्तच. वय लहान आहे त्याचं. कान तयार व्हायला वेळ लागतो.

रजनी गप्प आहे. म्हणजे बोलत असेलही, मला काही ऐकू आलेलं नाही.

२० नोव्हेंबर

डाव्या भिंतीला दोन गाद्या उभ्या बांधल्या. फरक नाही.

मग एक शास्त्रीय प्रयोग केला. खुर्ची उलटी फिरवली, टीव्हीकडे पाठ केली. आता जो उजवा होता तो डावीकडे आला. आणि तो मेला! कालपर्यंत मेलेला होता तो उजवीकडे येऊन खणखणीत!

म्हणजे दोष स्पीकरमध्ये नाही, वायरमध्ये नाही, भिंतीतही नाही. दोष फिरता आहे. मिलमध्ये असा दोष एकदाच पाहिला होता, तेव्हा तीन इंजिनीअर बदलले होते. कंपनीला चार पानी पत्र लिहायला घेतलं आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

मिलमधला जुना सहकारी रमेश बायकोला घेऊन आला. डेमो ठेवला. गिरधरभाईंनाही बोलावलं होतं, ते म्हणाले, मी घरूनच ऐकतो.

मैफल लावली. दोन मिनिटांत रमेश सोफ्याच्या उजव्या टोकाला सरकला. त्याची बायको त्याच्याही उजवीकडे, म्हणजे जवळजवळ दारात. दोघांनी कानावर हात ठेवून ऐकलं, मोठे गवई ठेवतात तसं. दहाव्या मिनिटाला डावीकडून म्हणे फाटकन आवाज झाला. मला काही जाणवलं नाही. रमेशनं सांगितलं, स्पीकरचा पडदा फाटला. जाऊन पाहिलं. फाटला होता.

म्हणजे शेवटी दोष स्पीकरमध्येच होता.

जाताना रमेश दारात मला काहीतरी म्हणाला. मी हो हो म्हटलं. अशा वेळी हो म्हटलेलं चालतं.

२५ नोव्हेंबर, सकाळी ११

तेजूला मीच फोन केला, फाटलेल्या पडद्याचं सांगायला. ती रडत होती. म्हणाली, पप्पा, स्पीकरचं काय सांगता, मी सासूबाईंना सांगून टाकलं की बाळंतपण इकडेच करू. तुमची तयारी नाही तर मी कशाला येऊ. मी म्हटलं, कोण म्हणालं तयारी नाही? ती म्हणाली, आईनं तुम्हाला विचारलं होतं. सतरा तारखेला. तेजूले इकडंच आणू, मागची खोली देऊ तिले, चालेल ना? तुम्ही म्हणालात, अजिबात चालत नाही. घरात ठेवण्यात अर्थ नाही. परत पाठवून द्यायचं. पहिल्या दिवसापासून डोक्याला ताप आहे.

मी रोजनिशीतलं सतरा तारखेचं पान काढून पाहिलं. अक्षर माझंच आहे.

दुपारी १

जेवलो नाही. खूप वाईट वाटलं. आयुष्यात इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. आठ दिवस माझी मुलगी असं समजून होती, आणि मी भिंतीला गाद्या बांधत होतो.

रजनीला सांगितलं की मी स्पीकरबद्दल बोलत होतो.  ती म्हणाली, मी दोनदा विचारलं, तुमच्या कोपराशी उभी होते. मी म्हटलं, मग उजवीकडून विचारायचं. त्यावर ती म्हणाली, सहा वर्षं झाले, उजवीकडूनच बोलून राहिली मी. त्या दिवशी हातात गरम पातेलं होतं, म्हणून फेरा मारला नाही.

सहा वर्षं.

मी विचारलं, मग सांगितलं का नाही? ती म्हणाली, सांगितलं होतं. डावीकडून सांगितलं असेल.

दुपारी ४

तेजूला फोन केला. फोन उजव्या कानाला लावला. तो नेहमी उजव्याच कानाला लावतो, हे आज लक्षात आलं. म्हटलं, तू ये. खोली आजच रिकामी करतो. तिनं एकदा विचारलं, नक्की? मी प्रश्न तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतला आणि मग हो म्हटलं. ती हसली. सासूबाईंशी बोलते म्हणाली.

२७ नोव्हेंबर

कानाच्या डॉक्टरीणबाई, रंजिता मॅडम. रजनी बरोबर होती. मी मॅडमना सांगितलं की माझा कान उत्तम आहे, फक्त खात्री करून घ्यायची आहे.

काचेच्या एका कपाटात बसवलं. आतून गादी लावलेलं. कानांना हेडफोन, हातात बटण. बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. माझ्या आयुष्यात मी इतक्या शांत जागी कधी बसलो नव्हतो. लूम नाही, काही नाही. उजवा कान झाला. डावा सुरू झाला तेव्हा जरा वेळ काही आलं नाही, मग मी एक अंदाज बांधला. त्या साधारण दर चार सेकंदांनी वाजवत असणार. त्या हिशोबानं दाबत राहिलो. एकही चुकू दिली नाही.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, कडूसाहेब, डाव्या कानाला तुम्ही एकवीस वेळा बटण दाबलं. आम्ही शिट्टी सातदा वाजवली होती.

मग त्यांनी विचारलं, काम कशाचं करत होता? मी दांड्याचं सांगितलं. कुठल्या कानाला लावत होता, असं विचारलं. उजव्या हातात रजिस्टर असायचं. मी डाव्या कानाला हात लावून दाखवला. त्यांनी लिहून घेतलं. आता तो कान परत येणार नाही म्हणाल्या. मशीन लावलं तर बरंच ऐकू येईल.

रजनीनं माझा हात धरला होता. रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही. मीही सोडवला नाही.

२ डिसेंबर

कानातलं मशीन आलं. मॅडमनी त्याला लॅपटॉप जोडला. त्यातून टूं, खर्र असे आवाज आले आणि मशीन आपलं आपण सेट झालं. तीन मिनिटं. मी मॅडमना म्हटलं, या क्षेत्रातलं मला थोडंफार कळतं.

गल्लीत शिरलो आणि थांबलो. केवढा हा गोंगाट! रजनीला विचारलं, गिरधरभाईंनी नवीन लूम घेतले का? ती म्हणाली, तेच आठ आहेत.

रमेशचा फोन आला. त्याला ब्लूटूथ घेतलं म्हणून सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं, त्या दिवशी दारात तेच म्हणालो होतो, कान दाखव.

५ डिसेंबर

सासूबाई तयार झाल्या. तेजू परवा येते आहे. चार स्पीकर, सबवूफर आणि फाटलेला डावा खोक्यात घालून माळ्यावर टाकले. गाद्या सोडल्या. भिंतीला ओल नाही. खोलीला नवीन पडदे लावले. रजनी म्हणाली, लूमच्या खटखटीनं लेकराला झोप लागेल का? म्हटलं, चार दिवसांत त्याला तो आवाजच वाटणार नाही. तरी गिरधरभाईंना भेटून आलो. भिंतीलगतचे दोन लूम ते पलीकडे हलवणार आहेत. स्वतःहून म्हणाले.

संकल्प: आता या घरातलं एकही वाक्य चुकवायचं नाही. इतक्या वर्षांचं सगळं भरून काढायचं. कोण काय म्हणतं, कशाला हसतं, सगळं ऐकायचं. रजनीला तसं सांगितलं. ती जरा विचारात पडल्यासारखी वाटली.

८ डिसेंबर, सकाळी ८

तेजू काल आली. प्रवासानं पाय सुजलेत, बाकी छान आहे. मला मशीन शोभतं म्हणाली.

सकाळी उठून मशीन घातलं, चहा मीच केला आणि तीन कप घेऊन मागच्या खोलीकडे गेलो. दार लोटलेलं होतं. आत मायलेकी गप्पा मारत होत्या. दोघी अगदी मनापासून हसत होत्या, इतकं हसायला रोज काय असतं या घरात, मला कल्पनाच नव्हती. दार माझ्या डाव्या हाताला होतं. डाव्या कानानं, मध्ये कुणी न सांगता, अख्खं वाक्य स्वच्छ ऐकलं. रजनी म्हणाली, हळू बोल बाई, पप्पाले आता ऐकू येते.

मग दोघी हळू बोलायला लागल्या. ते ऐकू आलं नाही.